तिसऱ्या माणसाचं वजन

सन २०२४. मला सत्तर पुरी झाली होती. पोस्टिंग सिंगापूर.

पोस्टिंग म्हणतो, कारण हुकूम आला तसा निघालो. हुकूम सुनेचा. बायको गेल्यावर मी गावी एकटा राहणार होतो. सून फोनवर म्हणाली, "बाबा, तिकीट काढलंय." विषय संपला. मुलगा इथं जहाजांच्या इंजिनावर कामाला आहे. वुडलँड्सला फ्लॅट आहे, अकराव्या मजल्यावर. खोली चांगली. जेवण वेळेवर. काम काही नाही.

मला बसून राहता येत नाही. सकाळी उजाडायच्या आधी खाली उतरायचो, ब्लॉकला फेऱ्या मारायचो, वर यायचो, परत उतरायचो. पहिल्या महिन्यात घरातले सगळे नळ आणि बिजागऱ्या बघून झाल्या. मग शेजारच्या चिनी बाईंच्या ट्रॉलीचं चाक बसवून दिलं. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही. इथं काही मोडतच नाही, मोडलं तर माणसं येऊन नवीन बसवतात. घरात येरझारा घालायचो तर नात इथल्यासारखं शेवटी 'लाह' लावून म्हणायची, "आजोबा, सिट डाउन लाह. यू वॉक लाइक सिक्युरिटी." सून हसायची. मी बसायचो. तिची पाठ वळली की उठायचो.

माझी शाळा सहावीत सुटली. लिहायची सवय नाही. फौजेत भरती झालो तिथं गाड्यांचं काम शिकलो आणि हवालदार मेकॅनिक म्हणून पेन्शनीत निघालो. जे हातानं केलंय तेवढंच मला येतं. पण ते येतं. त्यात कुणी मला शिकवायला येऊ नये.

इथंच, बिशान भागात, वैशाली सणस राहते. नाईक भिकू सणस याची मुलगी. सणस आमच्या शेजारच्या गावचा, सरहद्दीवरच्या ग्लेशियरवर माझ्याबरोबर होता. तिथून तो जिवंत खाली आला नाही. तेव्हा वैशाली रांगत होती. आता ती इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आहे, म्हणजे डॉक्टरेटच्या पुढचं संशोधन. डोंगरातला बर्फ वितळून समुद्र किती चढेल, त्याचा हिशेब तिची मंडळी करतात. सिंगापूर सगळं समुद्राच्या बरोबरीला, म्हणून इथं त्या हिशेबाला किंमत आहे.

कधी रविवारी ती आमच्याकडं जेवायला यायची. बापाचं विचारायची नाही. मी सांगायचो नाही. फौजेनं तिच्या आईला जेवढं कळवलं तेवढंच तिला ठाऊक होतं: खराब हवामान, ड्यूटीवर मृत्यू. इतकी वर्षं तेवढ्यावर चाललं होतं.

एका रविवारी जेवण झाल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही ग्लेशियरवर स्नो स्कूटरचं सेटिंग लावायचात ना?"

"लावायचो. का?"

"आमच्या टीमकडं एक आहे. डोंगरात चालणारी. मागच्या वेळी खोल बर्फात सारखी नाक खाली घालायची. अर्धे दिवस आम्ही फावडंच मारत होतो. आता पुन्हा वर बर्फ मोजायला जायचंय. या वेळी आम्ही दोघंच. बघाल का?"

"बघतो म्हणजे काय? लावून देतो."

"बाबा, तुम्हाला झेपेल का?" सून म्हणाली.

मी चपला शोधायला लागलो. वैशाली म्हणाली, "काका, आज नाही. शनिवारी."

शनिवारपर्यंतचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक.

स्कूटर तुआसकडं एका गोदामात होती. मागच्या मोहिमेवरून जहाजानं परत आलेली. तिथं टीमचा टेक्निशियन होता, लिम. वैशालीबरोबर जाणारा दुसरा माणूस तोच. चाळिशीचा, अंगानं भरलेला. त्यानं मला विचारलं, "अंकल, आर्मी? व्हॉट रँक?"

"हवालदार."

"मी टू, सार्जंट. रिझर्व्हिस्ट. सेम-सेम लाह." आणि त्यानं सॅल्यूट मारला. हात बरोबर होता. तेव्हापासून माझं त्याच्याशी जमलं. तो त्याच्या इंग्रजीत बोलायचा, मी माझ्या. पान्याचं नाव दोघांनाही कळायचं.

आता स्नो स्कूटर म्हणजे काय, ते सिव्हिल माणसाला सांगतो. पुढं दोन स्की, मागं रबराचा रुंद ट्रॅक, वर सीट. मागचं सस्पेन्शन ट्रॅकच्या आत असतं. वजन घेतात ती मागची दोन स्प्रिंगं. दोन्हींच्या टोकाला कॅम असतो, म्हणजे कमीजास्त उंचीच्या बाजू असलेला ठोकळा. त्या बाजूंना आम्ही घरं म्हणतो. पान्यानं वरच्या घरात फिरवला की स्प्रिंग आवळते, खालच्या घरात आणला की सैल. पुढच्या अंगाला लिमिटरचा पट्टा असतो. आम्ही त्याला वादी म्हणायचो. वादी आवळली की स्की खाली दाबून राहतात. सैल सोडली की नाक उचलतं.

कडक बर्फावर नाक खाली लागतं, नाहीतर स्कूटर वळत नाही. खोल भुसभुशीत बर्फात उलटं. मागनं थोडी बसली आणि पुढनं उठली तर ती बर्फावर चढते आणि होडीसारखी चालते. मागं फार कडक ठेवली तर नाक घालून स्वतःला गाडून घेते. फार मऊ ठेवली तर ट्रॅक जागच्या जागी खड्डा खणतो. बरोबर काय, ते माणसाच्या वजनावर ठरतं.

म्हणून आमच्यात पद्धत होती. निघणारानं आधी पूर्ण सामानासकट सीटवर बसायचं. मागचा बंपर किती दबला ते मी बघायचो आणि मग पाना लावायचो. एका मेजरसाहेबांनी वजन तोंडी सांगितलं. बसायला नको म्हणाले. मी म्हटलं, सर, वजनाच्या बाबतीत कुणी खरं बोलत नाही. ते बसले. स्कूटर त्यांच्या सांगण्यापेक्षा बरीच खाली गेली.

पहिल्या शनिवारी खोलून साफ केली. सांध्यांतले बुश झिजले होते, ते बदलले. लिमनं मोबाईलवर कंपनीचं पुस्तक दाखवलं. मी म्हटलं, "पुस्तक लिहिणारा बर्फात गाडला गेलेला नाही."

वैशालीनं त्याला ते इंग्रजीत सांगितलं. लिम म्हणाला, "अंकल, दॅट मॅन बॉर्न इन स्नो. यू बॉर्न व्हेअर?"

"सातारा," वैशाली म्हणाली. दोघं हसले. मी पाना घेऊन खाली वाकलो.

पुढच्या शनिवारी वजनाची परीक्षा घेतली. गोदामात पंखा होता पण वारा गरम. बर्फातले जाड कपडे घालून दोघं सीटवर बसले. यंत्रांच्या पेट्या आधीच पॅक झाल्या होत्या, त्यांच्या जागी मागच्या रॅकवर तांदळाची पोती बांधली. घामानं वैशालीचे डोळे चुरचुरत होते. मी बंपर बघितला. हलला नव्हता.

लिम उतरला, वाकून कॅम बघितले. "अंकल, टॉप पोझिशन. टू हार्ड लाह." त्यानं दोन्ही मधल्या घरात आणले. पुन्हा बसले, बंपर दबला. बरोबर दिसत होतं. दोघं कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायला गेले. मी कॅम परत वरच्या घरात नेले.

आल्यावर लिमनं बघितलं. पुन्हा खाली आणले. दुपारी जेवणानंतर मी पुन्हा वर नेले.

या वेळी वैशालीनं बघितलं. पुन्हा बसून बघायला तिनं जाड कपडे चढवले होते, तशीच पोत्यावर बसली.

"काका, हे किती माणसांचं लावलंय?"

"तिघांचं."

"जाणार आम्ही दोघं."

"असू दे. तिसरं कुणी सापडलं तर? आणायला नको?"

"तिथं तिसरं कुणीच नसतं. जवळची वस्ती दिवसभराच्या अंतरावर आहे. अशा सेटिंगवर आम्ही दोघं गेलो तर ही नाक घालणार. काढायला कुणी येणार नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत, दोन शनिवार."

मी पाना पुसायला लागलो.

"काका, तिसरा कोण?"

लिमला मराठी येत नाही. पण आवाज कळला असावा. तो गोदामाच्या दाराकडं गेला आणि तिथंच उभा राहिला.

मग मी तिला सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

साल १९९०. वरच्या पोस्टवर एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं. उंचीवर होतं तसं. खाली आणला तर वाचतो, वर ठेवला तर नाही. हेलिकॉप्टर उडेल असं हवामान नव्हतं. सणस त्या दिवशी रेशन घेऊन वरच गेला होता. बरोबर मोहनसिंग नावाचा जवान. गढवालचा, नवीन भरती. स्कूटर मी लावलेली होती: मागं सामानाची स्लेज, म्हणून कॅम वर, वादी आवळलेली. जाताना बर्फ कडक होता. वर पोचल्यावर नवा बर्फ पडायला लागला आणि पडतच राहिला.

पेशंटला घेऊन ते निघाले. स्लेज रुतायला लागली म्हणून सोडून दिली. पेशंटला सीटवर मध्ये घेतला. पुढं सणस, मागं मोहनसिंग. रस्त्याला खुणेचे फ्लॅग लावलेले असतात. अर्ध्या रस्त्यावर स्कूटर बसली. मी बेसवर वायरलेस सेटपाशी होतो. सेटवर हिंदीत बोलायचा नियम. आम्ही दोघं मराठीत बोललो. त्या दिवशी कुणी अडवलं नाही.

"बेस, सणस बोलतोय. रुतली. ओव्हर."

"स्की दिसतात का? ओव्हर."

"न्हाई. पार आत गेल्यात. ओव्हर."

"खणून काढ. कॅम एक घर खाली घे. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "घेतला. आता मागनं खड्डा मारतीय. ओव्हर."

"वजन किती आहे तिघांचं? ओव्हर."

"मीच एकटा दोघांएवढा हाय. तुला ठावं न्हाई व्हय? ओव्हर."

हे तो हसत बोलला. दम लागला होता, तरी हसत.

आमचे कॅप्टनसाहेब शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "और क्या कर सकते हैं?" मी खरं ते सांगितलं. "सर, नया बर्फ है. तीन आदमी को नहीं उठाएगा. कैसे भी सेट करो." सेटचं बटण माझ्या हाताखाली दाबलेलं होतं. सणसनं ऐकलं.

"दोघांना उचलंल का? ओव्हर."

"दोघांना उचलेल. ओव्हर."

"कुठल्या दोघांना, त्ये मी बघतो. पोरगं हलकं हाय, पेशंट हलका. मोहनसिंग चालवंल. त्या दोघांचं सेटिंग सांग. ओव्हर."

मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी माझ्या हातातून सेट घेतला. "सणस, फ्लॅग टू फ्लॅग चलना. स्कूटर वापस भेज रहे हैं. ओव्हर."

"रॉजर, सर. मेकॅनिकला द्या."

मी सांगितलं. कॅम आता मधल्या घरात आहेत, तिथंच राहू दे. वादी एक भोक सैल. वादीचा नट बारीक असतो, जाड हातमोज्यात पकडता येत नाही. त्यानं मोजा काढला. मला ते दिसलं नाही, मोहनसिंगनं नंतर सांगितलं. तेव्हा सेटवर एवढंच आलं: "लावली. नाक उचललं. पेशंटला पोराच्या पाठीशी बांधला. सेट ह्यांच्याबरोबर देतोय, पेशंटचं कळवाया लागंल. पाना बी देतोय, तुझाच हाय. आउट."

स्कूटर आली. पेशंट खाली गेला, वाचला. आज पेन्शन खातोय. मोहनसिंगला उतरवून मी स्वतः सीटवर बसलो. तोवर हवा बंद झाली, म्हणजे बर्फात समोरचं दिसेना. बसलेल्या जागेवरून मला स्की दिसत नव्हत्या. तरी निघालो. साहेबांनी किल्ली काढून घेतली. मी मागितली. साहेब म्हणाले, "एक गया है. दूसरा नहीं दूँगा." मी पुन्हा मागितली. नाही दिली.

सणस एका फ्लॅगपाशी सापडला. बसलेला. फ्लॅगची काठी काखेत धरून.

एवढं मी वैशालीला सांगितलं. आणखी एक सांगितलं. लोक म्हणतील, म्हाताऱ्याच्या मनाला लागून राहिलं, आपण दोघांचं सांगितलं म्हणून. तसं नाही. मी बरोबर सांगितलं होतं. आज विचारलं तरी तेच सांगेन. तिघांचं सांगितलं असतं तर तिघं गेले असते.

वैशाली खाली बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना कुणी मागं ठेवलं नाही. ते उतरले."

"उतरला."

"आईला हे माहीत नाही."

"नाही."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुझ्या आईनं विचारलं असतं, माझी आठवण नाही आली का उतरताना. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं."

बाहेर कंटेनरची गाडी मागं घेत होते, तिची शिट्टी चालू होती.

"काका, कॅम वरच्या घरात असता, वादी कशीही असती, तरी त्या बर्फानं तिघांना उचललं असतं?"

"नाही."

"मग ही तिघांची लावून कुणाला आणणार आहात?"

मी हट्टी माणूस आहे, सगळं गाव सांगेल. पण मेकॅनिक आहे. चुकीचं सेटिंग चुकीचं असतं, कुणासाठीही लावलं तरी.

ती उठली. "पाना द्या."

"हातमोजे घाल आधी," मी म्हणालो. "जाड. तिथं घालशील तेच."

"इथं? काका, मी आत्ताच उकडून निघालेय."

"घाल."

तिनं घातले. कॅम जमले. वादीचा नट जमेना. तीन वेळा हातातून पडला. चौथ्या वेळी तिनं दातानं मोजा ओढायला सुरुवात केली. मी तिचा हात धरला. जोरात धरला असणार, कारण लिम धावत आला.

"काढायचा नाही," मी म्हणालो.

लिमनं नट बघितला, मोजा बघितला. आत जाऊन एक पंखाचा मोठा नट घेऊन आला, बोटांनीच फिरतो तसला. त्याला आरपार भोक पाडलं आणि सुटू नये म्हणून आडवी पिन बसवली. मला सुचलं नव्हतं. तेव्हाही सुचलं नव्हतं. वैशालीनं मोज्यासकट वादी सैल केली, आवळली, परत सैल केली. मग दोघं पोत्यांसकट सीटवर बसले. मी बंपर बघितला. पाहिजे तेवढा दबला.

"किती जणांची आहे, काका?"

"दोघांची," मी म्हणालो.

लिम म्हणाला, "अंकल, नाव यू डोंट टच." मी हात मागं बांधले. स्कूटरच्या पेटीला खिळे ठोकले जाईपर्यंत तसेच ठेवले.

ते दोघं गेल्यावर माझं घरात लक्ष लागेना. ब्लॉकला फेऱ्या, मग स्टेशनपर्यंत, मग गाडीत बसून ईस्ट कोस्टला. तिथं समुद्रावर जहाजं उभी असतात, ती बघत चालायचो. सायकलवाले घंटी वाजवायचे. सुनेचा फोन यायचा, "बाबा, आज कुठं?" मी म्हणायचो, पेट्रोलिंगला. ती म्हणायची, "जेवायला तरी या पेट्रोलिंगवरून." फोन हातात धरून झोपायचो. वर रेंज नसते, मला ठाऊक होतं. तरी धरायचो.

मग एका दुपारी मेसेज आला. नातीनं वाचून दाखवला. "काका, पार मांड्यांपर्यंत नवा बर्फ. गाडी वर चालली. एकदा वादी बदलली, मोजे घालून. दोघंही खाली पोचलो. आईला मी घरी जाऊन समोर बसून सांगणार आहे. तुम्ही लिहून काढा."

म्हणून हे लिहिलं. सून शुद्ध करून देते म्हणाली. मी म्हटलं, नको, आहे तसं राहू दे.

वैशालीनं एक गोष्ट विचारली नाही. ग्लेशियरवर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं. तिला सांगितलं नाही, पण आता लिहायला बसलोय तर लिहितो.

सकाळी हवा उघडली. साहेबांनी स्वतः येऊन किल्ली माझ्या हातात दिली. स्कूटर कालच्या सेटिंगवर उभी होती, दोन हलक्या माणसांच्या. आता जाणार मी, आणि येताना बरोबर सणस. जिवंत असेल की नसेल, कुणाला माहीत नव्हतं. सेटिंगला ते लागत नाही, वजन तेवढंच. सणस भरला गडी. पद्धतीप्रमाणं त्याला सीटवर बसवून बघता येत नव्हतं, म्हणून त्याचं वजन मनातच धरलं. दोन्ही कॅम एक घर वर घेतले. वादीला हात लावला नाही, बर्फ अजून भुसभुशीतच होता. मग स्कूटर चालू केली आणि पहिल्या फ्लॅगकडं निघालो.